व्हिजिबिलिटी

धुक्यामुळे बस रखडली होती. नव्या नोकरीला निघालेली नर्स बाकावर बसली होती. शेजारच्या दोन म्हाताऱ्या बहिणींचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“ताई, कंडक्टर म्हणाला ‘व्हिजिबिलिटी नाही’. म्हणजे गं?”

“समोरचं दिसत नाही.”

“अगंबाई! आमचा धाकटा म्हणतो, ‘ऑफिसात मला व्हिजिबिलिटी नाही.’ म्हणजे त्याचे डोळे बिघडले की काय?”

“वेडे, तिथे साहेबाला तो दिसत नाही.”

“आई आठवते? आपण शाळेला निघालो की वळणापर्यंत बघत राहायची.”

“बघायची कुठली? अंगणापलीकडचं तिला सगळं पुसटच होतं.”

“काय सांगतेस! मला कधीच कळलं नाही.”

“तिनेच सांगू दिलं नाही.”

“मग दारात उभी राहून हात कशाला हलवायची?”

“आपण मागे वळलो, तर ती दिसावी म्हणून.”