कोटाची जुनी केस आणि शटरची किल्ली

मी खाली सही करणारी, वय ६१, धंदा लॉन्ड्री, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आरोपीला शिक्षा सुनावण्याआधी कोर्टाला त्याच्या चालचलणुकीची माहिती हवी म्हणून मला पोलीस ठाण्यात बोलावले. स्वतः हजर राहून सांगते ती हकीकत अशी.

आरोपी आमच्या गल्लीतला वायरमन, वय ३२. पार्किंगच्या भांडणात त्याने शेजाऱ्याला ढकलले, त्यात शेजाऱ्याचा हात मोडला. गुन्हा त्याला कबूल आहे. चूक त्याचीच आहे, तिची शिक्षा व्हावी. परंतु सरकारी वकिलांनी त्याची लहानपणची घरफोडीची केस उकरून काढून त्याला सराईत ठरवले आणि हमीवर न सोडता तुरुंगातच पाठवा म्हणाले, असे समजते. त्या घरफोडीची फिर्याद माझी होती.

तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. बहिणीचे लग्न होते. दुपारी मी जेवायला वर गेले असता तो मागच्या खिडकीतून शिरला व गिऱ्हाइकाचा काळा कोट घेऊन गेला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत असूनही तो लग्नात ऐटीत मिरवत होता, असे त्याची बहीण अजून सांगते. कॉलरला लॉन्ड्रीची नंबराची चिठ्ठी तशीच होती. कोटाचा मालक नेमका नवरदेवाचा मामा निघाला.

फिर्याद दिल्याचा मला पश्चात्ताप नाही. उद्या कोणी कोट नेला तरी देईन. मुलांच्या कोर्टाने त्याला शाळा सुटल्यावर माझ्याच दुकानात कामाला लावले. पहिल्याच आठवड्यात त्याने दोन शर्ट जाळले. मी त्याला नाही नाही ते बोलले. पुढे बिघडलेली इस्त्री त्यानेच उघडून दुरुस्त केली व त्याला वायरिंगचा नाद लागला. ती शिक्षा त्याने पुरी केली. एका कोटाची शिक्षा किती वेळा द्यायची?

हा जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारले, "बाई, खोडच असली तर?" मी म्हणाले, "खोड असती तर माझ्याकडे आज नुसते हँगर उरले असते."

आरोपीच्या झडतीत सापडलेली पितळी किल्ली मला दाखवली. ती माझ्या दुकानाची आहे. माझा खांदा दुखतो, शटर उचलवत नाही. कामावर जाताना तो रोज उघडून देतो. तो कोठडीत असल्याने दुकान बंद आहे. इथल्या साहेब लोकांचे गणवेश आतच अडकले आहेत. हवालदार आज चौकडीच्या शर्टात बसले आहेत ते त्यामुळेच.

तो तुरुंगात गेला तर मला करमणार नाही. हवालदार म्हणाले, हे जबाबात बसत नाही. मी म्हणाले, बसवा.

लिहिलेले मला वाचून दाखवले. 'सराईत' हा शब्द वकिलांचा आहे, बाकी सर्व माझे व खरे आहे. हवालदार किल्ली मला परत देत होते. मी घेतलेली नाही. ती त्याच्याच हातात द्यावी.