चिमणी बंद ठेवायचा दिवस

भाऊ : माझ्यावर डोळे वटारू नकोस, ताई. ढग काही मी आणले नाहीत.

ताई : मी काही बोलले का? बॅटरी किती उरलीय तेवढं सांग.

भाऊ : संपत आलीय. टाकी गार पडायला लागलीय. सगळं सूत रंगात बुडालंय. आता पाणी निवलं तर कुठे गडद, कुठे फिकं. भंगारात घालावं लागेल. कोळशाचा बॉयलर पेटवू दे.

ताई : आणि नेमका आजच? खरेदीदाराचा माणूस वर ऑफिसात बसलाय. कारखाना नुसत्या उन्हावर दिवसभर चालतो का, हेच बघायला आलाय तो. खिडकीतून त्याला समोर चिमणीच दिसते.

भाऊ : दिसू दे.

ताई : थोडा वेळ थांब. ढग सरतील.

भाऊ : मघापासून तेच म्हणतेयस. खरं सांगू? तुला बॉयलर नकोच होता. बाबांनी बसवलेला बॉयलर, त्यावरची माझी चार माणसं. त्यांना काढायचं ठरवून टाकलंस आणि मला ते बाहेरून कळलं.

ताई : अर्धवट कळलं. ही ऑर्डर मिळाली की दुसरी पाळी सुरू करायची, चौघांना तिकडे घ्यायचं. दोन जुनी गिऱ्हाइकं का गेली, विसरलास? कोळशावर रंगवलेलं सूत नको म्हणाली. वाढायचं राहू दे, टिकायचं तरी दुसरी वाट नाही.

भाऊ : मग हे मला का नाही सांगितलंस?

ताई : हातात काही नसताना शब्द देऊ? उद्या तोंडघशी पडले असते.

भाऊ : म्हणजे बॉयलर पेटवला तर मीच माझ्या माणसांच्या पोटावर पाय दिला.

ताई : आणि नाही पेटवला तर हे सूत गेलं. ते आपलं नाही, विणकरांचं आहे. त्यांचे माग रिकामे राहतील.

भाऊ : तू सांग काय करू. मालकीण तू आहेस.

ताई : बरी आठवली मालकीण. ... पेटव.

भाऊ : आणि त्याला काय सांगशील?

ताई : जे आहे ते. धूर बघून त्याने विचारायच्या आत.

(ती वर जाते. बऱ्याच वेळाने परत येते.)

भाऊ : सूत वाचलं. एकसारखा रंग चढलाय. काय म्हणाला?

ताई : रागावला नाही. बॅटऱ्या वाढवा म्हणाला, मग पुन्हा बघायला येईल. ऑर्डर देतायत, पण निम्मीच.

भाऊ : निम्मीत दुसरी पाळी?

ताई : नाही निघत. बॉयलर आता ढगाळ दिवसापुरता. त्याला दोघं पुरतील. बाकीच्या दोघांना घरी बसवावं लागेल.

भाऊ : मी सांगतो त्यांना. बॉयलर मी पेटवला, म्हणून ऑर्डर कापली.

ताई : पेटव असं मी म्हटलं होतं.

भाऊ : यंत्रांच्या आवाजात ऐकलं कोणी?