सोळाव्या वर्षीचा सी

अमेरिकेत, कोलंबसला गाडीच्या परवान्याच्या रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिची कॉलेजातली मुलगी उभ्या होत्या. मुलगी फोनवर मेडिकलचा अर्ज भरत होती.

"आई, हे माझा केमिस्ट्रीतला सी ग्रेडसुद्धा मागतायत."

"कुठला सी?"

"शाळेत असतानाच तू मला कॉलेजच्या वर्गात घातलं होतंस ना, फुकट आहे म्हणून. तो."

"अगं टेसा, सोळा वर्षांची होतीस तेव्हा! आणि नंतर पुन्हा बसून ए आणलास की."

"दोन्ही धरतात. सरासरीत कायमचा बसलाय तो."

"मग टाकूच नकोस. कोणाला कळणार आहे?"

"लपवलं तर अर्जच बाद. मी तेव्हाच रडून सांगत होते, झेपत नाहीये, सोडू दे."

"मला काय स्वप्न पडलं होतं?"

"आता कपाळाला हात का लावलास?"

"धाकट्या डेलेनीलाही घातलंय मी त्याच वर्गात."

"आई! आजच्या आज नाव काढून घे तिचं."

"मुदत शुक्रवारी संपली."

"निदान तिला विचारायचंस तरी, झेपतंय का म्हणून!"

"गुरुवारी तीच आली होती विचारायला, सोडू का म्हणून. मी म्हटलं, तुझ्या ताईने सोडला होता का?"