चुकीतला दीर्घ ऊकार

...आणि म्हणे दोन मिनिटांत बसतो! कुणाच्या दोन मिनिटांत हो? माझे दोन दिवस गेले! तुम्हाला सांगतो, मी वायरमन माणूस, अख्ख्या इमारतीची जोडणी एकट्यानं करीन, पण त्या ईमेलमध्ये मराठी शब्दकोश बसवायचा म्हणजे... आणि कशासाठी? साधी चूक कबूल करायची होती हो मला!

झालं काय, वडिलांची लाकडी खुर्ची मी दादाला न विचारता भंगारात दिली. मोडकी होती, पण वडिलांची होती. दादानं बोलणं टाकलं ते दोन वर्षं! फोन उचलेना, दार उघडेना. शेवटी बायको म्हणाली, "मेल करा, मेल तरी वाचतील." केला. 'दादा, माझी चुक झाली.' तासाभरात उत्तर! उघडतो तर... 'चूक. ऊकार दीर्घ. आधी नीट लिही, मग कबूल कर.' आमचा दादा चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासायचा, त्याच्यापुढे काय बोलणार?

म्हणून शब्दकोश. तोवर त्या प्रोग्रॅमला नुसतं इंग्रजी कळायचं. 'दादा' खाली लाल रेघ, 'खुर्ची' खाली लाल रेघ, माझ्या नावाखालीसुद्धा लाल रेघ! सेटिंग उघडलं, भाषांची ही लांबलचक यादी, टिचकी पडली भलत्याच ओळीवर आणि उतरली कुठली भाषा देव जाणे! बायको मागून, "चष्मा लावा." "लावलाय." "मग पुसा." पुसला. मराठी उतरवली. रेघा तशाच! का? तर प्रोग्रॅम बंद करून परत उघडा. उघडला. तशाच! का? तर म्हणे भाषा नुसती उतरवून भागत नाही, निवडावी वेगळी लागते! अहो, साधी चूक कबूल करायची होती हो मला!

निवडली. आता तो शिकवायला लागला. 'वहिनी' लिहिलं तर विचारतो, 'वाहिनी?' आणि 'माझा गाढवपणा' लिहिलं... त्यावर एक रेघ नाही! लगेच मान्य!

असो. दहा ओळी लिहिल्या, सगळ्या शुद्ध. पाठवल्या. पाच मिनिटांत फोन! दोन वर्षांनी दादाचा आवाज. "कुणाकडून लिहून घेतलंस?"

"मीच लिहिलं."

"एकही चूक नाही. म्हणजे तुझं नाही."

काय सांगू आता? सगळं शब्दकोशाचं पुराण विसरलो, एवढंच निघालं तोंडातून, "दादा... चुकलो रे."

तिकडे त्यानं घसा खाकरला. "उच्चार बरा आहे." मग हळूच, "मीही तुला सहा पत्रं लिहिली. पाठवली नाहीत. तुला लिहायला बसलो की माझंच ऱ्हस्वदीर्घ चुकतं. रविवारी ये, आणि ते काय बसवलंयस, ते माझ्याकडेही बसव. दोन मिनिटांचं तर काम असेल."

मी म्हटलं, हो दादा, दोन मिनिटांचंच... आणि बायकोला सांगितलं, चार दिवसांचे कपडे भर.