एक सीट बाकी

दारव्ह्याच्या स्टँडवर यवतमाळची जीप उभी होती. मी मागे बसलो होतो. पुढे बसलेल्या कपिलची ड्रायव्हर मारोतरावांशी जुंपली होती.

"काका, काढा ना गाडी. कॉलेजात अ‍ॅडमिशनचा आज आखरी दिवस हाय."

"एक सवारी येऊ दे. भरल्याबिगर जीप निघत नसते."

"एकासाठी साऱ्यायले काहून बसवून ठेवता?"

"तुले कायची अ‍ॅडमिशन पायजे?"

"एम.ए. अर्थशास्त्र."

"पण तू त बी.एस्सी. केलं ना?"

"चालते. कोणतीबी पदवी असली का झालं."

"मार्क?"

"पास असला म्हंजे बस."

"वयाची अट?"

"नाही."

"हे त सवारीवानीच झालं. मंग घाई कायची? भेटन तुले."

"भेटन, पण वर्ग सुरू झाला पायजे ना! सर म्हणते, मले धरूनबी एक पोरगं कमी पडून राह्यलं. आजच्या आज आलं नाही त वर्गच बंद."

"म्हंजे तुहा सरबी माह्यासारखाच स्टँडवर उभा हाय."

"काका, मजाक नोका करू."

"मजाक नाही. तुह्या सराले एक पायजे, मले एक पायजे. उतर खाली अन् आवाज दे."

कपिल कुरकुरत उतरला. थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला,

"यवतमाळ, यवतमाळ, यवतमाळ! बी.ए., बी.कॉम. झालेला असन त पुढची सीट!"