मामाच्या हातचं इंजिन

"हॅलो?… हॅलो, कोण?… दाजी?"

पुनानं फोन कानापासून लांब धरून नाव पुन्हा वाचलं. साखरपुड्यानंतर जीवरामदाजींचा फोन आज पहिल्यांदा येत होता, तोही भाचीच्या लग्नाच्या दिवशी. सगळ्या धरणगावात पत्रिका वाटत फिरलेली दाजींची गाडी पुनाच्या गॅरेजपुढून हॉर्न वाजवत गेली होती. थांबली नव्हती.

"बोला… काय बंद पडलं?… नावेचं इंजिन?… अरे वा! मला वाटलं अक्षता द्यायला फोन केला… ओरडू नका. मी हसत नाहीये… बरं, हसलो. पुढे?"

हसणं तसं जुनंच होतं. साखरपुड्यात व्याही दाजींच्या नावेचं कौतुक करत होते, तेव्हा पुना एवढंच म्हणाला, 'इंजिन आणि आमचे दाजी, दोघांचा स्वभाव एक. जोरात निघतात आणि मधेच बंद पडतात.' मांडव हसला. व्याही सगळ्यांत जास्त हसले. त्या दिवसापासून सख्ख्या बहिणीनं, बेबाअक्कानंसुद्धा, पुनाचं नाव टाकलं.

"कुठे आहात?… तापीत? मधोमध?… आज लग्न सोडून मासे धरायला… काय? नावेत कोण?… हर्षाली? नवरीची एन्ट्री? नावेतून?… आणि वर ड्रोन. वा, वा… नवरदेव कुठंय? काठावर, घोड्यावर?… म्हणजे घोडं पोचलं, नाव राहिली… मग वल्ही मारा ना… घरी ठेवली? व्हिडिओत बरी दिसत नाहीत? दाजी, शाबास!"

गावात सांगतात, पुना नुसता खाकरला तरी बंद मोपेड चालू होते. सांगणारा बहुतेक वेळा पुनाच असतो. पण हे इंजिन दाजींनी सुरतेहून पोत्यात भरून आणलं होतं, आणि पोत्यातून काढून त्याला पुन्हा इंजिन पुनानंच केलं होतं.

"आता माझं ऐकायचं. मेलं कसं? एकदम, की दम लागून?… आधी बरं चाललं, मग धापा टाकल्या… हं. दोरी ओढणं बंद करा, तुटेल… कार्बोरेटर बिघडला, असं कोण म्हणतं?… तुम्ही म्हणता. बरं, बघू. वरचं कव्हर काढा. कार्बोरेटरच्या बुडाशी वाटी आहे, वाटीखाली स्क्रू. तो ढिला करा. पेट्रोल गळायला पाहिजे… नाही गळत?… थेंबसुद्धा नाही?… मग त्याला कशाला शिव्या देता? त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही. उपाशी बसलाय तो… स्क्रू आवळा परत. नळीवर रबरी फुगा आहे, तो दाबून बघा… चपटा झालाय? सोडला तरी फुगत नाही?… हां. थांबा.

रडतंय कोण?… अक्का? द्या तिला… अक्का, काय व्हयनं? रडू नको. मी शे ना… अक्का?… हॅलो… फोन तुम्हाला परत दिला? बोलली नाही ना… असू द्या.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघा. त्यावर बारीक भोक आहे, हवा जायला. आत हवा गेली नाही तर पेट्रोल बाहेर येत नाही… दिसत नाही? आंधळे झालात का… हळद? ओली हळद थापलीय?… इंजिनाची पूजा केली होय! करा ना, नारळ फोडा, हार घाला, पण श्वास बुजवून कोणी पूजा करतं का?… केली कोणी?… मामानं?"

पुनाच्या हातातला पाना तसाच राहिला.

"कोणता मामा, दाजी?… झुलाल? तुमच्या सोसायटीचा चेअरमन? तो कधी अक्काचा भाऊ झाला?… हो. मामाच्या जागेवर कोणीतरी लागतंच. पाठीमागे उभं राहायला. बरोबर आहे तुमचं."

प्लगच्या खोक्यांमागे, ग्रीस लागू नये म्हणून तीन पिशव्यांत गुंडाळलेली पिवळी साडी होती. मामाकडून भाचीला जायची ती. विकत घेताना पुनानं दुकानदाराला सांगितलं होतं, मामा म्हणून मला न्यायला दारात बँड येणार आहे.

"आहे, आहे मी लाइनवर… मुहूर्त टळतोय? टळू द्या! झुलालमामाला सांगा, उतर पाण्यात आणि ढकल नाव. मी ठेवू का फोन?… ठेवतोच… आता कोण?… हर्षा?… हो गं. मीच. मामाच… तू मागे सरक, शालूला पेट्रोल लागेल… मी? अगं, येणारच होतो. गॅरेजात गर्दी फार आज, माणसं उभी आहेत नुसती…"

गॅरेजात कुत्रंही नव्हतं.

"नाही गं, रागावलो नाही… रडू नको, काजळ उतरेल. ड्रोन बघतोय वरून. दे, वडिलांना दे… दाजी, झाकण फिरवून काढा… फस्स झालं?… झालं ना! तेच ते. हळद पुसा, भोकात काडी घाला… नथीची तार नको हो, उदबत्तीची काडी असेल की पूजेतली!… आता झाकण लावा. फुगा दाबत राहा, घट्ट होईपर्यंत… चोक ओढा. मारा दोरी… पुन्हा… पुन्हा, जोर लावा…

आलं! आलं, ऐकू आलं! चोक आत ढकला, नाहीतर परत गुदमरेल… हां, झकास… दाजी, ऐका ना. त्या दिवशी मी बोललो ते… दाजी? हर्षालीची साडी आहे माझ्याकडे. मोटरसायकल दारातच उभी आहे. मी म्हणत होतो, येऊ का मी?… हॅलो? आवाज फार येतोय, जरा पुढे सरका… दाजी, मी येऊ का?"

पलीकडून इंजिन तेवढं ऐकू येत होतं. एकसुरी, कुठेही न अडखळता, पुनानं लावून दिलं होतं तसं. मग फोन मधेच बंद पडला.

पुनानं तो कानालाच धरून ठेवला.