पडवीची सावली

भागोजी : चित्रातली तेवढी पडवी पुसा, अण्णा.

अण्णा : पुसू? अरे, चार रविवार होडीने भाट्याची खाडी ओलांडून येतोय मी. घर झालं, माड झाले, आज कुठे पडवी साधली.

हौसा : घर ऱ्हाऊं दे की. आमचं घर लोकांनी बगितलं तर बगूं दे. पडवी नको.

भागोजी : हौसा, तू गप. मी बोलतो ना.

अण्णा : इकडे ये, बघ. इतकी वर्षं मी सावली काळी काढायचो, कचेरीतल्या शाईसारखी. ड्रॉइंग मास्तर ओरडायचे, सावली काळी नसते म्हणून. आज जांभळा पेस्टल घेतला, वर जरासा निळा, आणि अंगठ्याने असं हलकेच चोळलं. आत गाय बसल्यासारखी वाटते की नाही?

हौसा : वाटते! कान पन आमच्या गायीचाच हाय.

भागोजी : म्हनून तर पुसा. चित्र खोतांना देनार ना?

अण्णा : हो, दिवाणखान्यात लावणार आहेत. माझं चित्र आजवर कुणी भिंतीवर लावलं नाही रे. आमच्या घरी तर म्हणतात, रविवारी नवरा खडूने माखून येतो, बिगरीतल्या पोरासारखा.

भागोजी : जमीन खोतांची. पडवी आमी शिमग्यानंतर बांदली. न इचारता.

अण्णा : न विचारता?

हौसा : शेजारच्या भिकाजीनं पडवीसाटी इचारलं, तर खोत त्याला नाय म्हनाले. आमचं वासरू गेल्या पावसात भिजून मेलं. मग काय इचारायचं?

अण्णा : पण खोत इकडे येतात कुठे?

भागोजी : येत नायत. ही घाटी चढवत नाय त्यांना. पन भिंतीवरचं रोज बगतील.

अण्णा : मग देतच नाही. दुसरं देतो एखादं.

भागोजी : भागोजीचं घर काढतोय म्हनून सांगून बसलाव ना? दुसरं दिलंत तर इचारतील, त्यात असं काय होतं?

अण्णा : वीस वर्षं कारकुनी केली. कागदावर आलं की काय होतं, ते मला नाही कळणार तर कुणाला? आणि हे सुचू नये मला!

हौसा : तुमी सावली बगत होताव.

अण्णा : फडकं आहे एखादं?

हौसा : हे घ्या, धुतलेलं हाय. थांबा! एकदा बगूं दे.

भागोजी : हौसा, रोज बगतेस की पडवी.

हौसा : रोज शेन काढते. बगते कुटं?

अण्णा : बघ सावकाश. मीही बघतो.

(वारा. अण्णा पडवीवर फडकं फिरवतात.)

भागोजी : अण्णा… जांभळं ऱ्हायलं जरा.

अण्णा : हा खडू पुरता जात नाही. वर हिरवा देतो, करवंदीची जाळी करतो.

हौसा : तिथं करवंदी नाय.

अण्णा : खोतांना कुठे ठाऊक आहे?

भागोजी : ह्ये बरीक खरं!

अण्णा : झालं. निघतो मी. ओहोटीच्या आत होडी गाठायला हवी.

हौसा : आता नाय येनार?

अण्णा : यावंसं वाटतं. पण माझं हे असं. कुठे काय काढून बसेन, नेम नाही.

हौसा : मग भायेर नका बसूं. पडवीत बसून काढा. तिथनं खाडी दिसते.

अण्णा : पडवीत? चालेल, भागोजी?

भागोजी : गायीला सरकवीन मी जरा.